सिस्टरच्या गाडीचं अ‍ॅव्हरेज

३ फेब्रुवारी, सोमवार

डॉक्टर म्हणाले, राग आला की बोलू नका, लिहा, ब्लडप्रेशर ताब्यात राहील. बायकोने त्याच दिवशी ऑइल कंपनीकडून फुकट आलेली ही डायरी माझ्यासमोर आणून आपटली. तिचं म्हणणं, मी हल्ली नुसतं 'मीठ दे' म्हटलं तरी शेजारची माणसं खिडक्या लावून घेतात. ठीक आहे, लिहितो. पानं पुरली नाहीत तर दुसरी डायरी तिनेच आणावी.

आजचा राग सिस्टरवर. सिस्टर म्हणजे घरोघर फिरून आजाऱ्यांचं ड्रेसिंग आणि इंजेक्शनं करणाऱ्या नर्स. नऊ वर्षं त्यांची गाडी माझ्या हाताखाली आहे. आधी जुनी कार्बोरेटरची होती, आता ही कॉम्प्युटरवाली, इंजेक्टरची. सकाळी आल्या त्या थेट खिशातली छोटी वही काढून माझ्या नाकासमोर धरली. टाकी फुल्ल केल्याची तारीख, किलोमीटर, लिटर, सगळं बारीक अक्षरात मांडलेलं.

"मिस्त्री, लिटरला बावन्न द्यायची. आता अडतीस देते. तुम्ही जानेवारीत सायलेन्सरचं काम केलंत ना, त्यानंतरच."

"म्हणजे मी बिघडवली?"

"तसं नाही म्हटलं मी."

"मग कसं म्हटलंत?"

जानेवारीत काय केलं होतं मी? सायलेन्सरच्या पाइपचा बोल्ट इंजिनात तुटून बसला होता. शोरूमवाले म्हणाले, इंजिनचं हेड बदला. मी तासाभरात तुटका तुकडा काढून दिला. पाइप आणि इंजिन यांच्या सांध्यात तांब्याची चपटी कडी असते, पॅकिंग म्हणतात तिला, तीसुद्धा नवी घालायला लावली नाही. जुनीच लाल होईपर्यंत तापवली, पाण्यात सोडली, मऊ करून परत बसवली. तीस वर्षं मी असंच करतोय आणि एकाही गाडीने कधी हूं की चूं केलेलं नाही. त्या कामाबद्दल खरं तर पाठ थोपटायला हवी होती. ते राहिलं बाजूला, वर हे!

तरी सगळं बघितलं. टायरमधली हवा बरोबर. चेन बरोबर. ब्रेक घासत नाही, चाक मोकळं फिरतं. एअर फिल्टर झटकला. मग गाडी चालू केली, लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनला टेकवलं आणि मूठ कानाला. दग दग दग, एका लयीत. कुठे खडखड नाही, किरकिर नाही. लोक मला कानसेन म्हणतात ते उगाच नाही. सांगितलं, गाडी ठणठणीत आहे, तुम्ही गिअर नीट टाकत जा.

जाताना सिस्टर हेल्मेट घालता घालता गाडीकडे बोट दाखवून काहीतरी पुटपुटल्या. मी मान हलवली.


६ फेब्रुवारी, गुरुवार

बायको कुकर गॅसवर ठेवून दुकानात गेली. सांगून गेली, तीन शिट्ट्या झाल्या की बंद करा. मी स्वयंपाकघराच्या दारातच बसलो होतो. कुकरने एकही शिट्टी दिली नाही. बटाटे करपले, खालचं भांडं काळं झालं आणि बोलणी मी खाल्ली. शिट्टीचं भोक तुंबलं असणार, दुसरं काय! तार घालून साफ केलं, रबर बदललं. बायको नुसती बघत राहिली. मेकॅनिकच्या घरी कुकर नादुरुस्त, आणि हिला मीच चुकीचा वाटतो.


१० फेब्रुवारी, सोमवार

सिस्टर परत आल्या. सदतीस! एक आणखी उतरला. वही पुन्हा नाकासमोर.

प्लग काढून बघितला. काळाकुट्ट, चुलीतून काढल्यासारखा. म्हणजे इंजिनाला पेट्रोल गरजेपेक्षा जास्त जातंय, हे शेंबडं पोरही सांगेल. जुन्या गाडीला कार्बोरेटरवर एक स्क्रू असायचा. अर्धा आटा फिरवला, कान दिला, आवाज मोकळा झाला की हात काढला, संपलं. या गाडीला स्क्रूच नाही. पेट्रोल किती सोडायचं ते सीटखालची काळी डबी ठरवते. तिला कोण सांगतं? सायलेन्सरच्या पाइपात एक सेन्सर खुपसलेला असतो, तो धूर चाटून बघतो आणि डबीला कळवतो. म्हणजे ज्याने आयुष्यात पाना धरला नाही त्याच्या हातात सगळा कारभार, आणि आम्ही बाहेर उभे.

तरी मला वाटतं घोटाळा पेट्रोलमध्ये आहे. सिस्टर ज्या पंपावर भरतात तिथला माणूस मला कधीच आवडला नाही.


११ फेब्रुवारी, मंगळवार

हात दाखवून अवलक्षण.

पंपावर गेलो आणि म्हटलं, मापात पाप करता. तो काहीतरी बोलला, मला कळलं नाही, म्हणून मी आणखी मोठ्याने म्हटलं. दहा माणसं जमली. पंपवाल्याने आत जाऊन सरकारी शिक्क्याचं पाच लिटरचं माप आणलं आणि सगळ्यांसमोर भरून दाखवलं. काठोकाठ. एक थेंब इकडेतिकडे नाही. मग बाटलीत पेट्रोल घेऊन फिल्टरच्या कागदावर टाकलं, डाग न ठेवता उडून गेलं. भेसळही नाही.

"काका, जरा हळू बोला, मी इथेच आहे," तो म्हणाला. हसत म्हणाला, ते जास्त झोंबलं. लोकही हसले.

घरी येऊन बायकोला सांगितलं तर ती म्हणते, "तुम्ही आधी त्याचं ऐकून तरी घ्यायचं." हिला कुणाचीही बाजू चालते, नवऱ्याची सोडून.


१३ फेब्रुवारी, गुरुवार

आज बायको जेवताना हळूच म्हणाली, "पलीकडे ते मशीन आहे ना, एकदा लावून बघितलं तर?"

मी ताट ढकललं. या घरात पलीकडचं नाव काढायचं नाही हे चार वर्षांपूर्वीच ठरलंय.

पलीकडे म्हणजे पत्र्यापलीकडे. तिथे धाकट्याचं गॅरेज आहे. धाकटा म्हणजे माझा सख्खा भाऊ, अकरा वर्षांनी लहान. त्याला पाना धरायला मी शिकवलं, इंजिन ऐकायला मी शिकवलं. डोळे मिटून उभा करायचो आणि विचारायचो, सांग, टॅपेट वाजतोय की चेन? चुकला की टपली. एकच शेड होती, दोघांचं एकच गॅरेज. चार वर्षांपूर्वी म्हणाला, "दादा, गाडी तपासायचं मशीन घेऊ. नव्या गाड्या नुसत्या कानाने कळायच्या नाहीत." गिऱ्हाइकासमोर म्हणाला! मी म्हटलं, ज्याला कान आहेत त्याला मशीन लागत नाही, ज्याला नाहीत त्याने खुशाल घ्यावं. त्याने घेतलं. मी शेडच्या मधोमध पत्रा ठोकला. एका दुपारीत, एकट्याने.

पहिली तीन वर्षं लाज तरी होती त्याला. रोज चार वाजता पत्र्यावर बोटाने दोनदा ठोकायचा. चहा आला की ठोकायची ती आमची जुनी खूण. मी एकदाही गेलो नाही, ते वेगळं. पण तो ठोकायचा. गेलं वर्षभर तेही बंद. मशीन आलं, मगरुरी आली. आणि एवढं करून धंदा चाललाय म्हणाल तर तोही नाही. पूर्वी पलीकडून त्याचा रेडिओ, पाने पडल्याचा आवाज, गिऱ्हाइकांची कटकट सारखी कानावर यायची. आता दिवसभर शुकशुकाट. मशीनसमोर बसून माशा मारत असेल.

वाईट वाटतं म्हणावं तर तसंही नाही. म्हणजे थोडं वाटतं.


१५ फेब्रुवारी, शनिवार

सिस्टरची गाडी दिवसभर ठेवून घेतली. आज तिला सोडणार नव्हतो.

पूर्वी अ‍ॅव्हरेज बघायचं तर टाकीची नळी काढायची, पाव लिटरची बाटली वर टांगायची आणि गाडी बंद पडेपर्यंत चालवायची. या गाडीचा पंप टाकीच्या पोटात आहे, बाटली टांगणार कुठे? म्हणून टाकी गळ्यापर्यंत भरली, चाळीस किलोमीटर शांतपणे चालवली, पुन्हा गळ्यापर्यंत भरली. अडतीस. म्हणजे सिस्टर खोटं बोलत नाहीत, गिअरही नीट टाकतात. हे फक्त इथे लिहितोय, त्यांना सांगणार नाही.

इंजेक्टर काढून धुतला. नवा प्लग टाकला. नवा एअर फिल्टर टाकला. पुन्हा वीस किलोमीटर. प्लग पुन्हा काळा.

सायलेन्सरचा पाइप इंजिनाला जिथे भेटतो तिथे काजळीचा एक पट्टा दिसला. फडक्याने पुसून टाकला. क्षणभर मनात आलं, पॅकिंग तर फुटलं नसेल? पण ते फुटलं असतं तर फस् फस् आवाज आला असता, आणि मला तो ऐकू आला असता. आंधळ्यालाही कळतं ते. खात्रीसाठी पुन्हा स्क्रू ड्रायव्हर लावून बघितलं. दग दग दग. शिवाय तिथून थोडी हवा निसटली म्हणून पेट्रोल का वाढेल? जुन्या गाड्यांचे तर पाइप लटकत असायचे, तरी साठ द्यायच्या.

संध्याकाळी सिस्टर गाडी न्यायला आल्या. मी म्हटलं, कंपनीचाच दोष आहे. त्या इंजिनाकडे बघत काहीतरी पुटपुटल्या, मी मान हलवली. मग अगदी समोर येऊन, एकेक शब्द तोडून बोलल्या, लहान मुलाला औषध पाजताना बोलतात तसं. "मिस्त्री, मला रोज सत्तर किलोमीटर जायचं असतं. लांबची फेरी माझ्याकडे आहे. मला गाडीचा भरवसा हवा."

मला काय बाळ समजतात का?


१९ फेब्रुवारी, बुधवार

आज जे झालं ते लिहायला हात होत नाही.

सिस्टरची गाडी लांबच्या फेरीवर पेट्रोल संपून मध्येच बंद पडली. पेट्रोलचा काटा खाली होता, पण त्यांना वाटलं, मिस्त्रींनी इंजेक्टर धुतलाय, फिल्टर बदललाय, एवढ्यात पोहोचू. माझ्या भरवशावर निघाल्या. दोन किलोमीटर गाडी ढकलली. ज्या आजोबांना वेळेवर इंसुलिन द्यायचं होतं ते दीड तास वाट बघत होते. आजोबा ठीक आहेत. पण त्यांच्या मुलाने सिस्टरना कामं देणाऱ्या ऑफिसात तक्रार केली, आणि ऑफिसने सांगितलंय, आणखी एकदा उशीर झाला तर लांबची फेरी काढून घेऊ. त्या फेरीवरच सिस्टरचं घर चालतं. घरी त्या आणि त्यांची अंथरुणावरची आई, तिसरं कोणी नाही.

गॅरेजच्या दारात उभ्या राहून बोलल्या. हात काळे, कपाळावर घामाचे ओघळ.

"पहिल्याच दिवशी सांगितलं होतं मी तुम्हाला, गाडी पुढून फुसफुसते म्हणून. हेल्मेट घालताना. शनिवारीही सांगितलं. तुम्ही मान हलवलीत."

"कधी सांगितलंत? काही सांगितलं नाहीत!"

"सांगितलं."

"मग नीट तोंड उघडून सांगायचं ना! पुटपुटून काय कळणार?"

बायको आतून धावत आली, इतका माझा आवाज चढला होता. सिस्टरनी हेल्मेट घातलं. गाडी वळवून निघून गेल्या. चोराच्या उलट्या बोंबा म्हणायला गेलो आणि मध्येच थांबलो, कारण यात चोर कोण हेच मला कळेना.

तीस वर्षांत माझ्या हातची गाडी रस्त्यात थांबली नव्हती.


२० फेब्रुवारी, गुरुवार

सिस्टरची गाडी धाकट्याच्या दारात उभी आहे.

मी सकाळी शटर उघडलं आणि समोर तीच. निळी टाकी, मागे औषधांची पेटी. तळपायाची आग मस्तकात गेली. नऊ वर्षं! पोरीसारखी सांभाळली ती गाडी. आता तो मशीनची वायर लावेल, टीव्हीसारखे आकडे बघेल, शंभर रुपयांची वस्तू बदलेल आणि गावभर सांगेल, दादाला जमलं नाही ते मी केलं.

दिवसभर कामात लक्ष लागलं नाही. एका गिऱ्हाइकाच्या गाडीचा ब्रेक उलटा बसवला, परत खोलला. पत्र्याकडे कान लावून बसलो होतो. काही म्हणजे काही ऐकू आलं नाही. कामच करत नाही का हा माणूस?


२२ फेब्रुवारी, शनिवार

सकाळी गाडी माझ्या शटरसमोर. किल्ली लावलेली. सीटवर कागदाची पुडी.

पुडीत नवीन पॅकिंग. तांब्याची कडी, कंपनीची, चकचकीत. बाकी चिठ्ठी नाही, निरोप नाही.

एवढा राग मला पत्रा ठोकला त्या दिवशीही आला नव्हता. मला, त्याच्या उस्तादाला, पुडीत बांधून अक्कल पाठवतो! पुडी उचलून भिंतीवर मारली. म्हटलं, थांब, आता सगळ्या जगासमोर सिद्ध करतो की पॅकिंग शाबूत आहे, आणि हीच कडी तुझ्या दारात आणून फेकतो.

पंक्चर बघायला आम्ही साबणाचं पाणी ठेवतो. ब्रश बुचकळला आणि थंड इंजिनाच्या सांध्यावर सगळीकडून फेस लावला. गाडी चालू केली. दग दग दग, माझ्या ओळखीचा आवाज, बाकी काही नाही.

आणि सांध्याच्या खालच्या अंगाला फेस फुगला. फुटला. फुगला. फुटला. इंजिनाच्या प्रत्येक ठोक्याला एक फुगा, लहान मुलं उडवतात तसा. मी वाकून बघत होतो. चेहऱ्यावर थेंब उडत होते. मी कान खाली नेला, पाइपाने भाजेल इतका खाली. फुगे फुटत होते आणि मला काही ऐकू येत नव्हतं.

बायको चहा घेऊन दारात उभी होती.

"इकडे ये," मी म्हटलं. "तुला काही ऐकू येतं?"

"कसलं?"

"इथून. पुढून."

"हे फस् फस्?" ती म्हणाली. "येतं की. महिना झाला. सिस्टर आल्या की मला आतल्या खोलीत कळतं, त्यांची गाडी आली म्हणून."

मी गाडी बंद केली. भिंतीशी जाऊन कडी शोधली. कपाटाखाली गेली होती, गुडघ्यावर बसून काढावी लागली. बायको काही बोलली असेल तर मला माहीत नाही.


२४ फेब्रुवारी, सोमवार

जुनं पॅकिंग काढून हातात धरलं. एका बाजूला केसाएवढी चीर, तिच्या कडा जळून काळ्या. मी तापवून मऊ केलेलं, तेच.

आता सगळं इतकं सरळ दिसतंय की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते. त्या चिरेतून प्रत्येक ठोक्याला धूर बाहेर येतो आणि मागोमाग बाहेरची हवा आत ओढली जाते. पुढे पाइपात तो सेन्सर बसलाय. त्याला हवा दिसते. त्याला वाटतं, इंजिन उपाशी आहे. तो डबीला सांगतो, वाढ. डबी पेट्रोल वाढते. सेन्सर खोटा नव्हता, डबी खोटी नव्हती, पंपवाला खोटा नव्हता, सिस्टर तर नव्हत्याच. जुन्या गाडीत सेन्सर नसायचा, म्हणून माझं तापवलेलं पॅकिंग तीस वर्षं खपून गेलं. काखेत कळसा आणि मी गावभर वळसे घालत होतो, तेही शिव्या देत.

सिस्टरना बोलावून सांगितलं. जुनी कडी त्यांच्या हातावर ठेवली. म्हटलं, "माझी चूक. जानेवारीतलीच. तुम्ही म्हणत होता तेच."

मला वाटलं त्या हसतील किंवा जाऊ द्या म्हणतील. तसं काही झालं नाही. "त्या आजोबांना काही झालं असतं तर?" एवढंच विचारलं. 

मग मी त्यांच्याबरोबर त्यांच्या ऑफिसात गेलो. तिथल्या बाईंसमोर उभं राहून सांगितलं की गाडी माझ्या चुकीने थांबली, यांचा दोष नाही. बहुतेक फार मोठ्याने सांगितलं, कारण पलीकडच्या टेबलांवरची माणसंही वळून बघायला लागली. बाईंनी लिहून घेतलं. फेरी तूर्त सिस्टरकडेच राहील म्हणाल्या.

परतताना सिस्टर समोर येऊन, पुन्हा तशाच एकेक शब्द तोडून म्हणाल्या, "तुमच्या भावाने मशीन लावलंच नाही. गाडी चालू केली, डोळे मिटून दोन मिनिटं उभे राहिले, आणि म्हणाले, हे दादाचं काम आहे, दादाच करेल. आणि मिस्त्री, शुक्रवारी कानाच्या डॉक्टरांकडे यायचं. मी वेळ घेतली आहे. नाही म्हणायचं नाही."

डोळे मिटून. टपल्या खाऊन शिकला होता ते.


३ मार्च, सोमवार

एक्कावन्न पूर्णांक सहा. सिस्टरनी वही दाखवली. यावेळी नाकासमोर धरली नाही, हातात दिली.

शुक्रवारी कानाच्या डॉक्टरांनी काचेच्या खोलीत बसवलं, कानाला यंत्र लावलं आणि म्हणाले, आवाज आला की बटन दाबा. मी शहाण्यासारखा वाट बघत बसलो. बटन दाबायची वेळच फारशी येईना. मग कागद दाखवला. खालचे, जाड आवाज बऱ्यापैकी शिल्लक आहेत. वरचे, बारीक आवाज गेलेत. शिट्टी, फुसफुस, कुजबुज. तीस वर्षं इंजिनाला कान लावून बसल्यावर दुसरं काय होणार, म्हणाले. एका दिवसात नाही गेले, हळूहळू गेले, म्हणून तुम्हाला कळलं नाही. यंत्र लावावं लागेल.

यंत्र! ज्याला कान नाहीत त्याने खुशाल घ्यावं, हे माझंच वाक्य. डॉक्टरांवर चिडलो, पण त्यात दम नव्हता.

खरा दणका आज दुपारी बसला. चार वाजता बायको चहा घेऊन आली, कप ठेवला आणि तिने पत्र्याकडे मान वळवली. अगदी थोडी. मग पटकन माझ्याकडे बघून नजर खाली घातली. हे असं तिने याआधीही केलंय, रोज करत असेल, मी कधी लक्ष दिलं नव्हतं.

"काय झालं?"

"काही नाही."

"काय झालं सांग."

"भाऊजींनी वाजवलं," ती म्हणाली. "चहाचं."

"आज?"

"रोज वाजवतात. एक दिवस चुकवत नाहीत."

"आणि तू मला सांगितलं नाहीस?" मी ओरडलो. मुद्दाम ओरडलो, हे मला पक्कं कळलं.

"त्यांचं नाव काढलं की तुम्ही ताट ढकलता. मला काय माहीत तुम्हाला ऐकू येत नाही? मला वाटलं, तुम्ही ऐकून न ऐकल्यासारखं करता." तिने कप माझ्याकडे सरकवला. "त्यांनाही तेच वाटत असेल."

एक वर्ष. सुट्ट्यांचे दिवस सोडले तरी तीनशे वेळा त्याने ठोकलं, आणि मी पत्र्याच्या या बाजूला बसून त्याला मगरूर म्हणत होतो. लिहूनसुद्धा ठेवलंय. फाडणार नाही ते पान, राहू दे.


४ मार्च, मंगळवार

पावणेचारला सगळी कामं बंद केली. लांब स्क्रू ड्रायव्हर घेतला, टोक पत्र्याला टेकवलं, मूठ कानामागच्या हाडाला लावली.

पलीकडे अख्खं गॅरेज चालू होतं. लोखंडावर हातोडा बसत होता. कोणीतरी पाना खाली टाकला. एक इंजिन चालू होऊन बंद झालं, पुन्हा चालू झालं. त्याच्यामागे रेडिओसारखं काहीतरी घुमत होतं. म्हणे शुकशुकाट! माशा मारतोय म्हणे! बायको बाजूला कप धरून उभी होती, मी तिला हाताने थांब म्हटलं.

चार वाजता पत्र्यातून मुठीत आणि मुठीतून हाडात आलं. ठक. ठक.

मी बारा नंबरचा पाना उचलला आणि दोनदा ठोकलं. जरा जोरातच बसलं, पत्र्याला पोचा आला. पलीकडचा हातोडा थांबला. इंजिन बंद झालं. रेडिओही कोणीतरी बंद केला.

चहा आज तिकडे घेतला. चार वर्षं मनात घोळवलेलं एकही वाक्य मला वेळेवर आठवलं नाही. तो बरंच काही बोलला, त्यातलं निम्मं मला कळलं नाही. मी म्हटलं, पुन्हा बोल. तो खुर्ची ओढून समोर बसला आणि पुन्हा बोलला.